दहा टक्क्यांच्या आतली चोरी

प्रबंध जमा करायच्या दिवसांत विद्यार्थी एकमेकांना एकच प्रश्न विचारतात : "तुझे किती टक्के आले?" नऊ आले की सुटलो. अकरा आले की वाक्यं फिरवायला बसायचं. हा टक्का आला यूजीसीच्या २०१८च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांतून.

नियम मुळातून वाचले तर एक विसंगती लगेच दिसते. व्याख्येनुसार दुसऱ्याचं काम किंवा कल्पना स्वतःची म्हणून मांडणं म्हणजे वाङ्मयचौर्य. म्हणजे कल्पना उचलणं हीसुद्धा चोरीच. शिक्षा मात्र ठरते फक्त मजकुराच्या साम्यावर. १० टक्क्यांपर्यंत काहीच नाही. ४० पर्यंत सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं. ६० पर्यंत वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. त्यापुढे नोंदणीच रद्द.

सॉफ्टवेअरला जुळणारे शब्द दिसतात, चोरी दिसत नाही. समजा, कुणी इंग्रजी पुस्तकातलं अख्खं प्रकरण मराठीत उतरवलं आणि मूळ लेखकाचं नाव गाळलं, तर साम्य शून्याच्या जवळपास येऊ शकतं. मराठीतून प्रबंध लिहिणाऱ्या आपल्यासाठी ही पळवाट सगळ्यात मोठी आहे. उलट "नमुना निवड यादृच्छिक पद्धतीने केली" असलं वाक्य कितीतरी प्रबंधांत सापडेल. ते जुळलं म्हणून प्रामाणिक विद्यार्थी घाबरतो आणि सरळ वाक्य वाकडं करून ठेवतो.

नियमांत सगळंच चुकलंय असं नाही. श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे मोजणीतून वगळलंय. शिवाय एक टीप आहे, जिची चर्चा फारशी होत नाही : गोषवारा, परिकल्पना, निरीक्षणं, निष्कर्ष, शिफारशी यांत साम्य अजिबात नको. सूट आहे ती सर्वज्ञात किंवा योगायोगाने जुळणाऱ्या, सलग १४ शब्दांपर्यंतच्या मजकुराला. म्हणजे १० टक्के ही उचलेगिरीची परवानगी नाहीच. आपण मात्र टक्का लक्षात ठेवला आणि टीप विसरलो.

म्हणून रिपोर्ट हातात आला की आधी टक्का बघू नका. रंगवलेली प्रत्येक ओळ उघडा : हे कुणाचं आहे, नाव दिलंय का? मग न रंगवलेली पानं घ्या आणि विचारा : हा मुद्दा मला कुठे सापडला? हा दुसरा प्रश्न कुठलंही सॉफ्टवेअर विचारणार नाही. तो आपला आपल्यालाच विचारावा लागतो, आणि तोही वाचताना टिपणं काढतो तेव्हापासूनच.