अनुभव अस्सल आहे, पण पुढे?

मराठीत एखाद्या पुस्तकाविषयी चार माणसं बोलायला लागली की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला ‘अनुभव अस्सल आहे’ हे प्रशस्तिपत्र हमखास येतं. प्रकाशन समारंभात येतं, परीक्षणात येतं, मलपृष्ठावर तर छापूनच येतं. त्यात खोटं काही नसतं. पण ते वाक्य आलं की पुढची चर्चा खुंटते. पुस्तक रचलंय कसं, निवेदक कुठे उभा आहे, पन्नास पानं गाळली असती तर काय बिघडलं असतं, असले प्रश्न विचारणं मग कोत्या मनाचं वाटू लागतं. गेल्या दशकभरातल्या कादंबऱ्या आणि आत्मकथनं वाचताना मला ही सवलतच सगळ्यात जास्त खुपली. तिचा तोटा चांगल्या पुस्तकांनाच अधिक होतो.

ही सवलत आली कुठून, ते कळण्यासारखं आहे. १९७८ साली ग्रंथालीनं दया पवारांचं ‘बलुतं’ काढलं, पाठोपाठ ‘आठवणींचे पक्षी’, ‘उपरा’, ‘अक्करमाशी’, ‘उचल्या’ आली आणि गावकुसाबाहेरचं, पालावरचं जग मराठी साहित्याला किती कमी ठाऊक होतं ते उघड्यावर आलं. त्या वेळी ‘यात कलात्मकता कुठे आहे?’ असं विचारणाऱ्यांचा रोख बऱ्याचदा कलेवर नसायचाच. त्यामुळे रूपाविषयी बोलणं म्हणजे विरोधात बोलणं, असा समज रुजला. वास्तविक ती पुस्तकं टिकली ती रूपामुळेही. ‘बलुतं’मधला दगडू मारुती पवार आपली कहाणी शिकून-सवरून पांढरपेशा झालेल्या दया पवारांनाच ऐकवतो. एकाच माणसाचे दोन तुकडे समोरासमोर बसल्यामुळे सांगणाऱ्याची लाज आणि ऐकणाऱ्याची लाज, दोन्ही वाचकापर्यंत पोचतात. उर्मिला पवारांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) आईचं बांबूचं विणकाम आणि लेकीचं लिहिणं एकमेकांत गुंफलं जातं, आणि त्या विणीत चळवळीतल्या पुरुषांकडे तिरक्या नजरेनं बघायलाही जागा राहते. त्याच्या कितीतरी आधीची लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ स्वतःच्या फजितीसकट सगळं हसत सांगण्याच्या ढंगावर उभी आहेत. जगलेलं प्रत्येकाकडे असतं. हा ढंग लक्ष्मीबाईंनी कमावलेला होता.

आता अलीकडच्या कादंबऱ्यांकडे येतो. साहित्य अकादमीच्या युवा पुरस्कारामुळे दोन पहिल्या कादंबऱ्या सर्वदूर पोचल्या. नवनाथ गोरे यांच्या ‘फेसाटी’ला तो २०१८ साली मिळाला, देविदास सौदागर यांच्या ‘उसवण’ला २०२४ साली. ‘फेसाटी’ जत तालुक्यातल्या दुष्काळी टापूत घडते. तिची ताकद बोलीत आहे. कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या त्या मुलखाची मराठी निवेदकाच्या तोंडी इतकी सहज बसते, की प्रमाणभाषेची आठवणही होत नाही. रचनेत मात्र ती सैल आहे. संकटामागून संकट येतं आणि सगळी एकाच पट्टीत सांगितली जातात. मोठं दुःख कोणतं आणि रोजची कटकट कोणती, हे वाचकाला स्वतःच ठरवावं लागतं. २०२०च्या टाळेबंदीत गोरे शेतमजुरी करत असल्याच्या बातम्या आल्या आणि सगळीकडे हळहळ व्यक्त झाली. हळहळ योग्यच होती. पण त्या दिवसांत त्यांच्या परिस्थितीवर जेवढं लिहिलं गेलं, तेवढं त्यांच्या कादंबरीवर कधी लिहिलं गेलं नव्हतं. लेखकाची कीव करणं आणि लेखकाला वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

‘उसवण’ आकारानं लहान आणि नेमकी आहे. सौदागर तुळजापूरचे, स्वतः शिवणकाम करणारे. तयार कपड्यांच्या लाटेत शिंप्याचा धंदा कसा बसत गेला, हा तिचा विषय. आज तालुक्याच्या गावात शिंप्याकडे कापड घेऊन किती जण जातात? जातात ते बाजारातून आणलेल्या पँटची लांबी कमी करायला, चेन बदलायला, कंबर सैल करून घ्यायला. नवी वस्तू घडवणारा कारागीर दुसऱ्याच्या मालाची डागडुजी करणारा होतो. त्याची मजुरी तर जातेच. गिऱ्हाइकाच्या अंगाची मापं वहीत आणि डोक्यात ठेवणारा माणूस म्हणून गावात जो मान असतो, तोही जातो. ही पडझड सौदागरांना आतून माहीत आहे आणि जिथे ते यंत्र, कापड, उधारी यांच्यातून बोलतात तिथे पान जिवंत होतं. क्वचित पात्राला बाजूला सारून लेखकच काळावर भाष्य करू लागतो. तेवढ्या जागा हाताशी कुणी जाणता संपादक असता तर निघाल्या असत्या, असं मला वाटलं.

अनुभवाला रूप मिळालं की काय होतं, याचं अलीकडचं उत्तम उदाहरण म्हणजे कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’. तिला २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणामुळे गाव उठतं, आणि मागे राहून रानटी झालेल्या म्हशीच्या शोधात एक माणूस जुन्या मुलखाकडे परततो. कथानक म्हणाल तर एवढंच. विस्थापन हा विषय मराठीला नवा नाही. विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’त धरणग्रस्तांचं अख्खं प्रकरण आहे: भूसंपादन, पुनर्वसन, दलाल, कचेऱ्या. पाटील महसूल खात्यात अधिकारी होते आणि यंत्रणा कशी चालते हे त्यांना दाखवायचं होतं. खोत यंत्रणा जवळपास पडद्याआड ठेवतात. माणूस आणि जनावर समोरासमोर आणतात आणि त्यांच्यातलं जुनं नातं उलटं करतात. म्हैस त्या रानात रुळली आहे, तिला धन्याची गरज उरलेली नाही. नवीन वसाहतीत अजून न रुजलेला माणूसच हुकलेला आहे. त्याला ती दाव्याला बांधून न्यायची आहे, पण ती कुठे न्यायची याचं पटेल असं उत्तर त्याच्याकडे नाही. विस्थापनाबद्दल एकही घोषणा न देता ही कादंबरी सगळं सांगते. कारण खोत विषयापाशी थांबले नाहीत, त्यांनी त्याच्यासाठी आकृती शोधली.

प्रवीण बांदेकरांची ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ (अकादमी पुरस्कार २०२२) दुसऱ्या वाटेनं जाते. दक्षिण कोकणातल्या बाहुल्यांच्या खेळाची परंपरा वापरून ती आजच्या राजकारणावर बोलते. नाचवणारा कोण आणि नाचणारा कोण, हा प्रश्न ती फिरवून फिरवून विचारते. ‘चाळेगत’ या आधीच्या कादंबरीत बांदेकरांचा राग थेट अंगावर यायचा. इथे तो खेळातून आलाय, त्यामुळे अधिक झोंबतो. कधीकधी रूपकं एकमेकांच्या पायांत येतात, हे खरं. पण धोका पत्करून केलेली रचना थोडी चुकली तरी मला सपाट प्रामाणिकपणापेक्षा ती जवळची वाटते.

आणि ज्यात ‘जगलेलं’ काही असूच शकत नाही, अशा कादंबरीचं काय करायचं? नंदा खरे यांची ‘उद्या’ तशीच आहे. पेशानं स्थापत्य अभियंता असलेल्या या लेखकानं नजीकच्या भविष्यातला समाज रचला: माणसाच्या प्रत्येक हालचालीची नोंद, त्या नोंदींवर चालणारी सत्ता, कंपन्यांच्या हाती गेलेला कारभार. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयानं दिला तो २०१७मध्ये. कादंबरी त्याच्या आधीच त्या प्रश्नात उतरली होती. २०२०चा अकादमी पुरस्कार खऱ्यांनी नाकारला आणि काही दिवस चर्चा नकाराचीच झाली. ‘उद्या’ कोरडी आहे, पात्रं काही ठिकाणी मुद्दे मांडण्यापुरतीच येतात. पण कल्पना आणि अभ्यास यांच्या जोरावर कादंबरी अनुभवाच्या पुढे धावू शकते, हे तिनं दाखवलं. ‘अस्सल अनुभव’ हीच मोजपट्टी लावली तर या पुस्तकाला जागाच उरत नाही.

अभ्यासाचीही एक सवलत असते, ती जाडजूड कादंबऱ्यांना मिळते. रंगनाथ पठारे यांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’ (२०१९) आठशेच्या घरात पानं घेऊन एका मराठा कुळाची सात शतकं सांगते. तिचा आवाका मोठा आणि प्रश्नही मोठा: आपण कोण, आणि आपल्या रक्तात किती लोक आहेत? जातीच्या शुद्धतेच्या गर्वाला ती ज्या शांतपणे सुरुंग लावते त्याला तोड नाही. पण इतिहासाची माहिती कथेच्या अंगावर चढते तिथे वाचक पानं उलटू लागतो, हेही सांगितलं पाहिजे. शहरी तरुणाच्या कादंबरीची अडचण निराळी. १९६३च्या ‘कोसला’नंतर कुणीही कॉलेजातला पोरगा ‘मी’ म्हणून बोलू लागला की त्या कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकर शेजारी येऊन बसतो. प्रणव सखदेव यांच्या ‘काळेकरडे स्ट्रोक्स’ला हे टाळता आलं नाही, पण त्यातली मरणाची आणि अपराधाची जाणीव आजची आणि स्वतःची आहे.

आत्मकथनांत सध्या दोन प्रवाह आहेत. एक यशोगाथांचा. ‘ताई, मी कलेक्टर व्हयनू’ किंवा ‘मन में है विश्वास’ ही पुस्तकं स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकांतून हातोहात फिरतात. खेड्यातल्या पोराला धीर मिळतो, हे काम लहान नाही. फक्त या साच्यात शेवट आधीच ठरलेला असतो आणि मागचं सगळं हाल-दारिद्र्य त्या शेवटाची पायरी होऊन बसतं. जे बरोबर निघाले आणि पोचले नाहीत, त्यांचं काय झालं हे या पुस्तकांना विचारता येत नाही.

दुसरा प्रवाह अधिक गुंतागुंतीचा. शरद बाविस्कर यांचं ‘भुरा’ (२०२१) वरवर यशोगाथाच आहे: धुळ्याजवळच्या गावातला, दहावीला इंग्रजीत नापास झालेला मुलगा जेएनयूत फ्रेंच शिकवणारा प्राध्यापक होतो. पण बाविस्करांना यशापेक्षा निवडीत रस आहे. माणूस परिस्थितीनं किती घडतो आणि स्वतःला किती घडवतो, हा प्रश्न ते सोडत नाहीत, आणि त्यांची आई या पुस्तकातली सगळ्यात भक्कम व्यक्तिरेखा आहे. उत्तरार्धात विद्यापीठं आणि विचारवंतांची नावं वाढत जातात आणि पूर्वार्धाची धग कमी होते. सुनीता बोर्डे यांची ‘फिंद्री’ कादंबरी म्हणून छापली असली तरी आत्मकथनाच्या अगदी काठावर उभी आहे. नकोशा मुलीच्या आणि तिला शिकवण्यासाठी झगडणाऱ्या आईच्या या गोष्टीला कादंबरी म्हटल्यानं लेखिकेला एक मोकळीक मिळाली. आईच्या मनात शिरण्याची ही मुभा आत्मकथनात इतक्या सहज मिळत नाही. काठावरच्या पुस्तकांना ‘हे खरं घडलं का?’ असं विचारण्यापेक्षा ‘हा प्रकार का निवडला?’ असं विचारलं तर बरंच काही हाती लागतं.

या सगळ्यात न दिसणारा माणूस म्हणजे संपादक. मौज प्रकाशनात श्री. पु. भागवत हस्तलिखितावर लेखकाबरोबर बसत, पुन्हा लिहायला लावत. आज पहिली आवृत्ती हजार-पाचशे प्रतींची, खर्चाची ओढाताण, आणि मुद्रितशोधनालाच संपादन म्हणण्याची रीत. कित्येक चांगली पुस्तकं पक्की व्हायच्या आधीच बाहेर पडतात. समीक्षकही मग ‘अस्सल’ म्हणून मोकळा होतो. त्यामुळे लेखकाला आपलं कुठे जमलं आणि कुठे हुकलं, हे सांगणारं कुणीच भेटत नाही.

याचा हिशेब दुसऱ्या-तिसऱ्या पुस्तकाला चुकवावा लागतो. स्वतःचं आयुष्य एकदाच खर्च करता येतं. पहिल्या पुस्तकात ते संपलं की पुढे उरते ती फक्त लिहिण्याची कमाई. खोत ‘रिंगाण’पर्यंत पोचले ते ‘गावठाण’, ‘रौंदाळा’, ‘झड-झिंबड’, ‘धूळमाती’ लिहून. प्रत्येक वेळी तोच मुलूख, पण सांगण्याची नवी तऱ्हा शोधत. पहिल्याच पुस्तकाला पुरस्कार मिळालेल्या तरुण लेखकांना तेवढा अवकाश हवा असेल, तर त्यांना शाबासकीइतकीच हरकतीचीही गरज आहे. जो वाचक ‘इथे मला कंटाळा आला’ असं लेखकाला कारणासकट सांगतो, तोच त्या लेखनाला बरोबरीच्या नात्यानं वागवतो.