लिगेतीला नुसतं घाबरू नका

स्टॅन्ली कुब्रिकचा ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ मोबाइलवर लावला की पहिली शंका येते ती नेटबद्दल. पडदा काळाच. तीनेक मिनिटं काहीच दिसत नाही, नुसता आवाज. म्हणावी अशी चाल नाही, ठेका नाही. एक जाड थर हळूहळू रंग बदलत राहतो. व्हिडिओ अडकलेला नसतो. तो आवाज म्हणजे ग्यॉर्गी लिगेती या हंगेरियन संगीतकाराची ‘आत्मॉस्फेअर’ ही १९६१ची रचना.

पुढे चंद्रावरच्या त्या काळ्या शिळेजवळ त्याच्याच ‘रेक्विएम’मधला कोरस येतो. लिगेतीला आधी कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. सिनेमा आल्यावर त्याला कळलं आणि प्रकरण कायदेशीर वादापर्यंत गेलं. पण १९६८च्या त्या सिनेमाने त्याला जगभर श्रोते मिळवून दिले हेही खरं. फक्त त्या श्रोत्यांना सोबत एक लेबलही मिळालं: हे ‘भीतीचं’ संगीत. आज रहस्यपटात, गेममध्ये कुठेही असा चिकट, दाट आवाज आला की पुढे काहीतरी वाईट होणार हे आपल्याला कळतं.

माझं म्हणणं असं, की कुब्रिकने लिगेतीचा अर्धाच भाग ऐकला आणि आपण त्या अर्ध्यालाच पूर्ण समजलो. धुकं ऐकलं. त्या धुक्याच्या आत चाललेली घड्याळं राहून गेली, आणि त्या घड्याळांकडे बघून हसणारा माणूसही.

लिगेतीचा जन्म १९२३चा, ट्रान्सिल्व्हेनियातल्या हंगेरियन बोलणाऱ्या ज्यू कुटुंबातला. तो प्रदेश तेव्हा रोमानियात होता. १९४४ मध्ये त्याला सक्तमजुरीसाठी नेलं. वडील आणि धाकटा भाऊ नाझी छळछावण्यांत मेले. आई आउश्वित्झमधून जिवंत परतली. युद्ध संपल्यावर तो बुडापेस्टच्या लिस्त अकादमीत शिकला, तिथेच शिकवू लागला. पण एक हुकूमशाही जाऊन दुसरी आली होती. स्टालिनच्या छायेतल्या हंगेरीत सरकारला हवी होती सोपी, आशावादी, लोकगीतांच्या वळणाची गाणी. बार्तोकसारख्या देशाच्या सर्वांत मोठ्या संगीतकाराच्या धाडसी रचनासुद्धा कार्यक्रमांतून गायब झाल्या.

लिगेतीने मग दोन प्रकारचं लिहिलं. लोकगीतांवर बेतलेलं बाहेरच्यांसाठी आणि बाकीचं टेबलाच्या खणासाठी. त्या खणातली सर्वांत देखणी गोष्ट म्हणजे ‘मूझिका रिचेर्काता’, १९५१ ते ५३ दरम्यान लिहिलेले पियानोचे अकरा छोटे तुकडे. स्वतःला घालून घेतलेली अट साधी. पहिल्या तुकड्यात जवळजवळ शेवटपर्यंत एकच सूर. तोच वेगवेगळ्या सप्तकांत, वेगवेगळ्या लयीत वाजत राहतो आणि अगदी शेवटी दुसरा सूर येतो. दुसऱ्या तुकड्यात तीन सूर, तिसऱ्यात चार, असं करत अकराव्यात बाराही.

एकाच सुरावर तुकडा म्हणजे कंटाळा, असं वाटत असेल तर आधी ऐका. सूर बदलत नसल्यामुळे कान बाकी सगळीकडे जातो: तो किती खालून येतोय, किती जोरात, किती वेळाने. त्यामुळे शेवटी येणारा दुसरा सूर एखाद्या बातमीसारखा लागतो. हा माणूस कमीत कमी सामानात किती नाट्य मावतं ते तपासत होता. बाहेर काय लिहावं हे सरकार ठरवत होतं. खणातले नियम मात्र त्याचे स्वतःचे होते आणि ते सरकारच्या नियमांपेक्षा कडक होते.

दुसरा तुकडा कुब्रिकनेच ‘आइज वाइड शट’मध्ये वापरला. शेजारचे दोन सूर आळीपाळीने येत राहतात आणि मध्येच तिसरा सूर खिळा ठोकावा तसा पुन्हा पुन्हा ठोकला जातो. हा स्टालिनच्या काळजात खुपसलेला सुरा होता, अशा अर्थाचं लिगेती नंतर म्हणाला. सिनेमात तो नायकाच्या मागे लागलेला धोका होतो. म्हणजे ज्याने वार करायचा तोच आवाज पडद्यावर आपल्याला भिववतो. सिनेमा म्हणून ते परिणामकारक आहे, पण संगीताची दिशा त्यात उलटी झाली.

१९५६ मध्ये हंगेरीतला उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडला. त्या डिसेंबरात लिगेती ऑस्ट्रियात पळाला आणि पुढे कोलोनच्या इलेक्ट्रॉनिक स्टुडिओत काम करू लागला. तिथे जे उमगलं ते त्याने साध्या ऑर्केस्ट्राकडून करून घेतलं. ‘आत्मॉस्फेअर’मध्ये तंतुवाद्यांच्या प्रत्येक वादकाला स्वतःची वेगळी ओळ आहे. एरवी दहा-बारा व्हायोलिन मिळून एकच ओळ वाजवतात. इथे शेजारच्या खुर्चीवरचाही तुमच्यासारखं वाजवत नाही. दूरून ऐकणाऱ्याला ढग दिसतो, जवळ गेलं तर असंख्य छोट्या, काटेकोर हालचाली. एका ठिकाणी पिकोलो बासऱ्या कान दुखेपर्यंत वर चढतात आणि पुढच्या क्षणी सगळं थेट डबल बासच्या तळाला कोसळतं. मधला जिना गायबच.

घड्याळांचा धागा त्याच्या लहानपणातला. टिकटिकणाऱ्या घड्याळांनी भरलेल्या घरात एकटी राहणाऱ्या विधवेची ग्युला क्रूदीची एक कथा त्याने लहान वयात वाचली आणि ती मनात राहून गेली. १९६२ मध्ये त्याने शंभर मेट्रोनोमसाठी रचना लिहिली. मेट्रोनोम म्हणजे रियाझासाठी ठेका धरून देणारं, चावी भरून चालवायचं यंत्र. शंभर यंत्रं वेगवेगळ्या गतीला लावायची, सुरू करायची आणि बाजूला व्हायचं. आधी पत्र्यावरच्या पावसासारखा नुसता गोंगाट. चाव्या संपतील तशी एकेक यंत्र थांबत जातात आणि उरलेल्यांमधून ठेके ऐकू यायला लागतात. शेवटी एकच उरतं. मग तेही थांबतं. १९६३ मध्ये नेदरलँड्समध्ये पहिला प्रयोग झाला तेव्हा तो टीव्हीवर दाखवणार होते. ऐनवेळी त्याऐवजी फुटबॉलचा सामना दाखवला.

ही थट्टाच आहे, गंभीर चेहऱ्याने केलेली. पण ऐकताना शेवटच्या चार-पाच यंत्रांपाशी हसू थांबतं. ज्याच्या घरातली माणसं एका शिस्तबद्ध यंत्रणेने मारली, त्याला यंत्र बिघडतं, अडखळतं, थांबतं, यात रस वाटावा हे समजू शकतं. तरी मी इथे सावध राहीन. त्याचं सगळं संगीत छावण्यांचा हिशेब म्हणून ऐकणं हेही एक लेबलच होईल. त्याच्या ऑपेराची, ‘ल ग्रां माकाब्र’ची, सुरुवात मोटारींच्या बारा भोंग्यांनी होते आणि जग संपवायला आलेला मृत्यूचा दूत त्यात दारू पिऊन झिंगतो. त्यातले काही विनोद लांबतात, ओरडा फार होतो, आणि सलग बसून ऐकताना मला थकायला होतं. पण मृत्यूलाच वेळ चुकवायला लावण्याची कल्पना फक्त घाबरलेल्या माणसाला सुचत नाही.

त्याचं सर्वांत चांगलं काम मला १९८५ नंतरच्या पियानो एत्यूदांमध्ये दिसतं. धुकं आणि घड्याळ तिथे एकत्र येतात. पहिल्याच ‘देझोर्द्र’मध्ये, म्हणजे ‘गोंधळ’मध्ये, उजवा हात फक्त पांढऱ्या पट्ट्यांवर, डावा फक्त काळ्यांवर. दोघे एकत्र निघतात. मग उजवा हात ठरावीक अंतराने एकेक मात्रा गाळतो. समेवर यायची सवय असलेल्या आपल्या कानाला वाटतं, आता भेटतील. ते भेटत नाहीत, अंतर वाढतच जातं. गोंधळ म्हणतो खरा, पण प्रत्येक चूक मोजून केलेली. मध्य आफ्रिकेतल्या संगीतातली एकावर एक चढणारी लयींची वीण तेव्हा तो अभ्यासत होता. तिची नक्कल न करता त्याने पियानोवर स्वतःची वीण घातली.

लिगेती २००६ मध्ये व्हिएन्नात वारला. त्याच्याकडे आज जायचं तर सिनेमाच्या दाराने जायला हरकत नाही, बहुतेक सगळे तिथूनच गेलेत. फक्त पुढच्या वेळी काळ्या पडद्यावरचा तो आवाज ऐकलात की एकदा पडद्याशिवायही ऐका, हेडफोन लावून, पूर्ण नऊएक मिनिटं. नंतर लगेच ‘देझोर्द्र’. ते अडीच मिनिटांच्या आत संपतं. दोन्ही एकाच माणसाचं आहे हे पहिल्यांदा पटणार नाही. दुसऱ्यांदा पटेल, आणि त्यानंतर ‘आत्मॉस्फेअर’ पुन्हा लावलंत तर त्या ढगात चाललेलं काम कानावर पडेल.