न्यूट्रॉनची विद्युतचुंबकीय संरचना : मापन आणि अर्थनिर्णय यांची चिकित्सा

प्रस्तावना

१९३२ साली जेम्स चॅडविक यांनी शोधलेला न्यूट्रॉन एकंदरीत भाररहित असला, तरी संरचनारहित नाही. त्याचे चुंबकीय परिबल आल्व्हारेझ व ब्लॉख यांनी १९४० मध्ये मोजले. त्याचे आज स्वीकृत मूल्य सुमारे −१.९१ अणुकेंद्रीय मॅग्नेटॉन आहे. संरचनारहित, भाररहित कणाकडून असे परिबल अपेक्षित नसते. न्यूट्रॉनच्या अंतर्भागातील भाराचा शोध घेणारी इलेक्ट्रॉन प्रकीर्णनाची पद्धती स्टॅनफर्ड येथे रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी विकसित केली. न्यूक्लिऑनच्या संरचनेवरील या कार्यासाठी ते १९६१ च्या नोबेल पारितोषिकाचे सहमानकरी ठरले. अध्यापनात मात्र या दीर्घ संशोधनाचे सार ‘गाभा धन, कवच ऋण’ एवढ्याच वाक्यात सांगितले जाते. या वाक्यात मोजलेले किती आणि मानलेले किती, याचा विचार येथे केला आहे.

मापनातील अडचण

मुक्त न्यूट्रॉनचे सरासरी आयुष्य सुमारे १५ मिनिटे असते. त्यामुळे प्रकीर्णनासाठी त्याचे स्वतंत्र लक्ष्य तयार करता येत नाही. ड्यूटेरियम किंवा हीलियम-३ यांच्या अणुकेंद्रातील न्यूट्रॉनवर इलेक्ट्रॉनांचा मारा करावा लागतो आणि प्रोटॉनचा वाटा व केंद्रकीय बलांचा परिणाम सिद्धान्ताच्या आधारे वेगळा काढावा लागतो. शिवाय काटछेदात विद्युत व चुंबकीय फॉर्म फॅक्टरांचे वर्ग बेरजेने येतात. न्यूट्रॉनचा विद्युत फॉर्म फॅक्टर अत्यल्प असल्याने तो या बेरजेत झाकला जातो. फ्रान्समधील साक्ले येथील ड्यूटेरॉनवरील मापने १९९० मध्ये प्रसिद्ध झाली. ती अचूक होती. परंतु त्यांवरून काढलेले न्यूट्रॉनचे मूल्य केंद्रकीय बलाच्या निवडलेल्या प्रतिमानानुसार लक्षणीय बदलत होते.

ध्रुवित इलेक्ट्रॉन व ध्रुवित लक्ष्य यांच्या वापराने ही कोंडी बरीच सुटली. या पद्धतीत दोन्ही फॉर्म फॅक्टरांचा गुणाकार हाती येतो. म्हणून लहान राशीही तिच्या चिन्हासह ओळखता येते. जर्मनीतील माइन्त्स आणि अमेरिकेतील जेफरसन प्रयोगशाळा येथील अशा प्रयोगांनी विद्युत फॉर्म फॅक्टर धन असल्याचे प्रस्थापित केले. सिद्धान्ताधारित दुरुस्त्यांची गरज मात्र संपली नाही.

अर्थनिर्णयाची चिकित्सा

मंद न्यूट्रॉनांच्या अणूंतील इलेक्ट्रॉनांवरील प्रकीर्णनातून भार-त्रिज्येच्या वर्गाचे सरासरी मूल्य सुमारे −०.११६ चौरस फेम्टोमीटर मिळते. यातील ऋण चिन्हाचा अर्थ ‘ऋण भार बाहेरच्या बाजूस’ असा लावला गेला. परंतु फॉर्म फॅक्टरवरून त्रिमितीय भारघनता काढताना प्रकीर्णनातील न्यूट्रॉनची प्रतिगती दुर्लक्षित करावी लागते. संवेगबदल मोठा असताना हे गृहीतक टिकत नाही. जेराल्ड मिलर यांनी २००७ मध्ये उपलब्ध मापनांवरूनच, अतिवेगवान न्यूट्रॉनच्या गतीला लंब असलेल्या प्रतलातील भारघनता काढली. तिच्या मध्यभागी भार ऋण आढळला. दोन्ही चित्रांमागील प्रायोगिक सामग्री एकच आहे; भेद विचारलेल्या प्रश्नात आहे. म्हणून एका चित्राने दुसरे खोटे ठरत नाही. संदर्भ न सांगता केलेले विधान मात्र अपुरे ठरते.

निष्कर्ष

प्रयोगातून प्रकीर्णनाचे प्रमाण व विषमता मिळते, त्यांवरून फॉर्म फॅक्टर काढला जातो, आणि भाराचे चित्र हा त्यानंतरचा अर्थनिर्णय असतो. या तीन पायऱ्या वर्गात वेगळ्या न ठेवल्यास विद्यार्थी अर्थनिर्णयालाच निरीक्षण समजतो. ‘गाभा धन, कवच ऋण’ हे वाक्य पाठ्यपुस्तकातून काढून टाकण्याची गरज नाही. परंतु ते कोणत्या अटीवर खरे आहे, हे त्याच्यासोबतच सांगणे आवश्यक आहे.