मिठाविना निष्ठा : सत्यजित राय यांचे यंत्रमानव

खलपात्राचा विचार करताना समीक्षक त्याच्या दुष्टपणाचे मूळ शोधतात. ते पात्र कोणाशी एकनिष्ठ आहे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वास्तविक आपल्या परंपरेने खलपात्राची उंची याच प्रश्नाने मोजली आहे. कुंभकर्ण भावाची चूक ओळखतो आणि तरीही त्याच्यासाठी रणात उतरतो. बिभीषण तीच चूक ओळखून पक्ष बदलतो. कर्णाला आपला पक्ष अन्यायाचा आहे हे ठाऊक असूनही तो मैत्रीच्या ऋणातून मुक्त होऊ पाहत नाही. या सर्वांच्या निष्ठेमागे रक्त आहे, उपकार आहे किंवा अन्न आहे. खाल्ल्या मिठाला जागणे हा आपल्या भाषेतील वाक्प्रयोग निष्ठेला थेट जेवणाच्या पानाशी नेऊन बसवतो. मग जो जेवतच नाही, ज्याला भाऊ नाही आणि ज्याच्यावर कोणी उपकार केलेला नाही, अशा यंत्रमानवाची निष्ठा कशावर उभी राहते? तो उलटला तर त्याला खल म्हणावे काय? कलकत्त्याच्या बंगाली साहित्यात हा प्रश्न सत्यजित राय यांनी किशोरवाचकांसाठी लिहिलेल्या कथांतून जितक्या सहजतेने मांडला, तितक्या सहजतेने तो भारतीय विज्ञानकथेत फार थोड्या ठिकाणी मांडला गेला आहे.

‘रोबो’ हा शब्दच मुळी निष्ठेच्या प्रश्नातून जन्मला आहे. कारेल चापेक यांच्या 1920 सालच्या ‘आर. यू. आर.’ या चेक नाटकाने तो जगाला दिला. मूळ चेक शब्दाचा अर्थ सक्तीचे श्रम. मराठीत त्यासाठी ‘वेठ’ हा नेमका शब्द आहे. त्या नाटकातील वेठबिगार यंत्रमानव मालकांविरुद्ध उठतात आणि मानवजातीचा संहार करतात. पण नाटकाच्या अखेरीस दोन यंत्रमानव एकमेकांसाठी मरण पत्करायला पुढे होतात आणि त्या क्षणी ते यंत्र उरत नाहीत. अर्थात चापेक यांच्या दृष्टीने मालकाशी असलेली निष्ठा ही वेठच होय. माणूसपण सुरू होते ते आपल्यासारख्या दुसऱ्याशी असलेल्या निष्ठेपासून. पुढे 1942 साली आयझॅक आसिमॉव्ह यांनी यंत्रमानवासाठी तीन नियम घालून दिले आणि निष्ठेचा प्रश्न रचनेचा प्रश्न बनवला. माणसाला इजा करायची नाही, आज्ञा पाळायची, आणि या दोहोंना बाध येत नसेल तरच स्वतःला जपायचे.

राय यांनी या दोन्ही वाटा सोडून तिसरी वाट धरली. 1961 साली त्यांनी सुभाष मुखोपाध्याय यांच्यासमवेत ‘संदेश’ हे आजोबा उपेंद्रकिशोर यांचे मासिक पुन्हा सुरू केले आणि त्याच वर्षी त्यात ‘व्योमयात्रीर डायरी’ ही प्रोफेसर शंकूंची पहिली कथा आली. गिरिडीहला राहणाऱ्या या शास्त्रज्ञाच्या घरात प्रल्हाद नावाचा नोकर, न्यूटन नावाचे मांजर आणि विधुशेखर नावाचा यंत्रमानव असे तिघे आश्रित आहेत. ही मांडणी प्रयोगशाळेची नसून बंगाली भद्रलोकाच्या घराची आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. राय यांचे यंत्रमानव कारखान्यात राबत नाहीत. ते घरात वावरतात. त्यांच्यातून कामगारांचा संघ उभा राहणे म्हणूनच शक्य नाही. त्यांना फक्त मालक आहे, सोबती नाही.

विधुशेखर प्रथम आज्ञाधारक आहे. शंकू रसायनांचे घातक मिश्रण करू लागतात तेव्हा तो जोरजोराने मान हलवून त्यांना वाचवतो. एवढे ज्ञान आपण त्याच्यात घातलेले नव्हते, या विचाराने शंकू चकित होतात. पुढे अंतराळयानात हाच विधुशेखर त्यांना ताफा या ग्रहाचे गुणगान ऐकवतो. तेथे सारेच बुद्धिमंत असल्यामुळे कमी बुद्धीच्या प्राण्यांची उणीव भासते, म्हणून असे प्राणी इतर ग्रहांवरून आणले जातात, असे तो सांगतो. मग प्रल्हादची तेथे चांगली सोय होईल, असे शंकू म्हणताच तो इतका हसतो की शंकूंना त्याची कळ बंद करावी लागते. त्या हसण्याचा अर्थ ताफावर उतरल्यावर उलगडतो. तेथील मुंगीसारख्या रहिवाशांना शंकूंच्या विज्ञानात रस नाही. त्यांना शंकूंचे साधेभोळे बोलणे आवडते. कमी बुद्धीचा प्राणी कोण, याचा निवाडा झालेला असतो आणि विधुशेखर दिसेनासा झालेला असतो. त्याने धन्याला फसवले काय? त्याने शब्दही खोटा सांगितला नाही, केवळ एक नाव गाळले. सेवकाचे हे विनोदी आणि अचूक बंड आहे. वाचकाला त्याचा राग येत नाही, यातच राय यांचे यश आहे.

‘प्रोफेसर शंकू ओ रोबू’ या कथेत दोन यंत्रमानव समोरासमोर येतात आणि येथेच खऱ्या अर्थाने यंत्र-खलनायक अवतरतो. सुमारे तीनशे तेहतीस रुपयांत घडवलेल्या रोबूला घेऊन शंकू जर्मनीतील हायडेलबर्गला प्रोफेसर पोमर यांच्याकडे जातात. तेथे भेटणारा बोर्गेल्ट हा गर्विष्ठ यंत्रतज्ज्ञ शंकूंच्या जिवावर उठतो. रोबू धावून येतो, त्याचे मुंडके पिरगाळून काढतो आणि आतून यंत्र उघडे पडते. खरे बोर्गेल्ट आपणच घडवलेल्या या प्रतिरूपाच्या कैदेत असतात. येथे यंत्राच्या हातून यंत्र मरते, तरी रोबू क्षणभरही थबकत नाही. चापेक यांच्या नाटकात ज्या बंधुभावातून यंत्रे माणूस होतात, त्याला राय यांच्या कथेत जागाच नाही. खलयंत्राचा अपराधही पाहण्याजोगा आहे. ते मालकाला मारत नाही, त्याची जागा घेते. नोकराने मालकाच्या खुर्चीत बसणे हे घरंदाज मनाचे जुनेच भय आहे; राय यांनी त्याला पोलादी देह दिला. कथेचा कौल अर्थातच रोबूकडे जातो, परंतु स्वजातीयाला ठार करून सिद्ध होणारी निष्ठा किती एकाकी असते, हे कथेने न सांगताही जाणवते.

या एकाकीपणाचा हिशोब चुकता होतो तो ‘अनुकूल’ या कथेत. चौरंगीवरील एका कंपनीकडून निकुंजबाबू माणसासारखाच दिसणारा यंत्रसेवक भाड्याने आणतात. कंपनीची अट अशी, की त्याला ‘तुई’ म्हणायचे नाही, ‘तुमि’ म्हणायचे; आणि त्याच्यावर हात उगारायचा नाही. उगारल्यास त्याच्या बोटातून निघणारा विजेचा झटका प्राण घेऊ शकतो. आसिमॉव्ह यांचा पहिला नियम येथे राय यांनी सरळ उलटवला आहे. यंत्राने माणसाशी कसे वागावे हे न सांगता माणसाने यंत्राशी कसे वागावे, याचा नियम ते घालतात. मराठी अनुवादकापुढे येथे खरी अडचण उभी राहते. ‘तुई’ आणि ‘आपनि’ यांच्यामधला ‘तुमि’ आपल्याकडे नाही. ‘तू’ म्हणावे तर जवळीक आणि तुच्छता दोन्ही एकाच शब्दात येतात; ‘तुम्ही’ म्हणावे तर गडीमाणसाला कोणी अहो-जाहो करीत नाही. मुंबईतील घरांनी एकेकाळी प्रत्येक गड्याला ‘रामा’ या एकाच नावाने हाक मारली. त्याला स्वतःचे नावही उरू दिले नाही. राय यांच्या यंत्राने मागितलेला आदर आपल्या घरांतील हाडामांसाच्या नोकराला मिळालेला नव्हता, हे अनुवाद करतानाच कळून येते.

निकुंजबाबूंची सांपत्तिक स्थिती खालावलेली असताना त्यांचे काका घरी येतात. त्यांच्या गाण्यातील शब्दांची चूक अनुकूल दुरुस्त करतो, काका त्याला मारतात आणि मरतात. त्यांची मोठी रक्कम निकुंजबाबूंना मिळते. अनुकूलने नियम पाळला की धन्याचे भले साधले? कथा याचे उत्तर देत नाही. ‘अनुकूल’ म्हणजे एकाच तीरावरचा. पण कोणाच्या तीरावरचा, हे नावही गुलदस्तातच ठेवते. तो खल असेल तर त्याच्या खलत्वाचे लाभार्थी आपणच आहोत, आणि शेवटच्या ओळीवर हसणारा वाचकही त्या व्यवहारात भागीदार ठरतो. 2017 साली सुजय घोष यांनी या कथेवर हिंदी लघुपट केला, त्यावरून तिची धार बोथट झालेली नाही हे दिसते.

राय यांना कारखान्यात घडवलेल्या निष्ठेविषयी मुळातच अविश्वास होता. ‘हीरक राजार देशे’ या 1980 सालच्या चित्रपटात प्रजेचा मेंदू यंत्राने धुऊन तिच्याकडून राजस्तुती वदवली जाते. अखेरीस राजालाच त्या यंत्रात घातले जाते आणि तो स्वतःचाच पुतळा पाडायला प्रजेबरोबर दोर ओढतो. यंत्राने घातलेली निष्ठा शेवटच्या हाताची असते, धन्याची नसते, हा त्याचा मथितार्थ.

मराठीत याच्या जवळ जाणारी कृती म्हणजे जयंत नारळीकर यांची ‘वामन परत न आला’ ही कादंबरी. तेथे वामन या यंत्रमानवाला आपल्यासारखे आणखी घडवायचे आहेत आणि संकट उभे राहते ते त्यातूनच. नारळीकरांचे भय संख्येचे आहे, संस्कृती गिळणाऱ्या पुनरुत्पत्तीचे आहे. राय यांचे भय घरातल्या एकट्या, अबोल, सर्व काही ऐकणाऱ्या सेवकाचे आहे. एकाचा यंत्रमानव भावंडे मागतो म्हणून धोकादायक, तर दुसऱ्याचा भावंडांवाचून वाढला म्हणून.

या किशोरकथांवर इतका भार घालणे कोणास अनाठायी वाटेल. परंतु नोकराला कसे हाकारावे, हे मूल घरातच आणि त्याच वयात शिकते. ज्याला मीठच दिले नाही त्याच्याकडून मिठाची आठवण मागण्याचा अधिकार आपल्याला नाही, एवढे त्याला या कथांतून कळले, तर ‘खल’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी ते क्षणभर थांबेल.