आभाळाचं तिकीट

समीक्षा करायला त्या विषयातलं काही कळावं लागतं, असा एक गैरसमज आपल्याकडे पूर्वापार चालत आलेला आहे. मी बी. कॉम. आहे, बँकेत कारकून आहे आणि गेली वीस वर्षं लोकांचेच पैसे मोजून लोकांना परत देतो आहे. तरीही नव्या नाटकापासून नव्या मॅनेजरसाहेबांपर्यंत सर्वांची समीक्षा आमच्या शाखेत मीच करतो, आणि जेवणाच्या सुट्टीत ती मन लावून ऐकलीही जाते. तेव्हा विमानांच्या कसरतींवर मी चार शब्द लिहिले, तर कोणाची हरकत नसावी. नाटकावर लिहिणारे पुष्कळ, गाण्यावर लिहिणारे त्याहून पुष्कळ; पण ताशी पाच-सहाशे किलोमीटर वेगाने उलटं उडणाऱ्या माणसाविषयी ‘उत्तरार्धात प्रयोग रेंगाळतो’ असं लिहिणारा अजून कोणी निघालेला नाही. ती उणीव आज भरून काढतो.

निमित्त असं की, या धंद्याला उतरती कळा लागल्याच्या वार्ता बरीच वर्षं परदेशातून येताहेत. इंग्लंडातलं फार्नबरो म्हणजे या कलेचं जणू बालगंधर्व रंगमंदिर. १९४८ पासून तिथं हे प्रदर्शन भरतं. पण २०१८ नंतर तिथले सर्वसामान्य जनतेसाठी असलेले शनिवार-रविवार बंद झाले आणि विमानांच्या व्यापाऱ्यांचे दिवस तेवढे उरले. त्या २०१८ साली ‘रेड ॲरोज’ या तिथल्या नावाजलेल्या पथकाने कसरती केल्याच नाहीत. भोवती वस्ती फार झाली, धोका नको, म्हणून पथक डोक्यावरून सरळ निघून गेलं. आपण नाटकाचं तिकीट काढावं आणि मुख्य नटाने पडद्यासमोरून नुसतं चालत जावं, त्यातलाच प्रकार! संडरलँड शहराने १९८९ पासून समुद्रकाठी चालवलेला फुकट मेळावा २०२२ नंतर बंद केला. ‘रेड बुल’ पेयवाल्यांनी २००३ मध्ये विमानांच्या शर्यती सुरू केल्या होत्या. फुगवलेल्या खांबांमधून विमान तिरकं करून न्यायचं, असा तो खेळ. त्यांनीही २०१९ मध्ये ‘आमच्या इतर कार्यक्रमांइतका लोकांना यात रस वाटत नाही’ अशा अर्थाचं कारण देऊन दुकान आवरलं. पेय अजून खपतं आहे.

कॉमर्सच्या माणसाला यात एक गोष्ट ताबडतोब दिसते. हा धंदा पहिल्या दिवसापासून बुडीत खात्यातला आहे. सर्कशीला तंबू असतो, नाटकाला डोअरकीपर असतो, तमाशालासुद्धा कनात असते. आभाळाला कनात कुठून लावणार? मैदानात तिकीट काढून शंभर माणसं बसली, तर बाहेर गच्चीवर, झाडावर आणि पाण्याच्या टाकीवर पाचशे बसतात. दृश्य तेच, आणि गच्चीवर चहासुद्धा मिळतो.

हे दुखणं जुनं आहे. अमेरिकेत लिंकन बीची नावाचा एक वैमानिक होऊन गेला. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या काळात त्याच्या नावावर गर्दी लोटत असे, पण त्यातली निम्मीशिम्मी कुंपणाबाहेरच. शेवटी त्याने बार्नी ओल्डफिल्ड या मोटारवाल्याशी शर्यत लावली. मोटार जमिनीवर आणि विमान तिच्या डोक्यालगत, दोन्ही कुंपणाच्या आत! आता बाहेरच्याला दिसेल काय, कपाळ? विमान जमिनीलगत आणल्यावर गल्ला जमला. इंग्लंडात ॲलन कॉबमने १९३२ ते १९३५ गावोगाव विमानांची सर्कस फिरवली. त्याने वेगळी शक्कल काढली. त्याची मदार पाहण्यापेक्षा बसण्यावर होती. पाच शिलिंग टाका, विमानात बसा, आपल्याच गावाला वरून एक प्रदक्षिणा घाला आणि खाली या. कितीतरी पोरं अशी पहिल्यांदा आकाशात गेली आणि पुढं युद्धात वैमानिक झाली. आता मात्र ती युक्तीही चालायची नाही. आज आमच्या शाखेतला शिपाईसुद्धा मुलाच्या लग्नाला विमानाने जाऊन आला, आणि परतल्यावर तक्रार कसली, तर आत चहाचे पैसे वेगळे घेतात!

पण बीचीची खरी तक्रार गल्ल्याची नव्हतीच. १९१३ साली त्याने काही काळ कसरती सोडल्या. लोक आपलं उडणं बघायला येत नाहीत, आपण मरताना बघायला येतात, हे त्याच्या मनाने घेतलं होतं. त्याची नक्कल करता करता इतर वैमानिक मरत होते, त्याचंही ओझं होतंच. पुढं तो परत आला, आणि १४ मार्च १९१५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत, हजारो लोकांच्या देखत, विमानासकट बुडाला. याच्या शेजारी रेड बुलचा हिशेब मांडून पाहा. त्यांच्या शर्यतींत एकही वैमानिक दगावला नाही. आणि लोकांना रस वाटेनासा झाला. या दोन नोंदींचा एकमेकींशी संबंध आहेच, असं मी म्हणत नाही. पण खतावणीत अशा दोन रकमा समोरासमोर दिसल्या, तर आमचे ऑडिटर त्यांवर पेन्सिलीने खूण केल्याशिवाय राहत नाहीत.

आता माझ्या स्वतःच्या निरीक्षणाकडे येतो. जानेवारी २०२४ मध्ये हवाई दलाने मुंबईत मरीन ड्राइव्हवर तीन दिवस कसरती केल्या. त्यातला १३ तारखेचा दिवस दुसरा शनिवार होता, म्हणजे बँकेला सुट्टी. मी, सौ. आणि चिरंजीव कठड्यावर जागा धरून बसलो. वेळ दुपारी बाराची. समोर समुद्र, डोक्यावर ऊन आणि बाजूला एक आजोबा, ते प्रत्येक विमानाचं नाव चुकीचं सांगत होते. इथं तिकीट नव्हतंच, त्यामुळे प्रेक्षकांना तोटा नव्हता. ‘सूर्यकिरण’ची विमानं आली, त्यांनी धुराचा बदाम काढला, ‘सारंग’ची हेलिकॉप्टरं मोरासारखी डौलात फिरली. सगळ्यांचे हात वर होते, पण टाळ्यांसाठी नव्हे, मोबाइलसाठी. मग दोन विमानं समोरासमोर झेपावली. चिरंजीवांनी माझी बाही ओढली.

“बाबा, आता आपटणार?”

“नाही रे.”

“मग?”

त्या ‘मग?’ला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. आजोबांपाशी असावं, पण ते दुसऱ्या कोणालातरी सुखोईला मिराज म्हणून सांगत होते. पोराने बिचाऱ्याने मोठ्याने विचारलं एवढंच. कठड्यावरच्या साऱ्या मंडळींचा श्वास तेवढ्यापुरता अडकला होता, तो काही भूमितीच्या प्रेमाने नव्हे.

या कलेतली गंमत अशी, की तिच्यातलं सर्वांत अवघड काम सर्वांत सोपं दिसतं. नऊ विमानं एका साच्यात उडतात, पंखाचं टोक शेजारच्या टोकापासून जेमतेम पाच मीटर. म्हणजे आमच्या काउंटरपासून दारापर्यंत जेवढं अंतर, तेवढंसुद्धा नाही. आपल्याला वाटतं, वरून त्यांना केवढा देखावा दिसत असेल! समुद्र, हार, गर्दी, आपण. त्यांना त्यातलं काही दिसत नाही. पुढारी तेवढा जमीन आणि दिशा पाहतो. बाकीचे शेजारच्या विमानावरच्या ठरलेल्या खुणा पाहत असतात, आणि त्या खुणा हलू द्यायच्या नाहीत, एवढंच त्यांचं काम. जग उलटंपालटं होतं, ते त्यांना फक्त अंगाला कळतं. विमान जोरात वळलं की माणसाचं वजन सहा-सातपट होतं. सत्तर किलोचा माणूस चारशे-पाचशे किलोंचा. डोक्यातलं रक्त पायाकडे धावतं, डोळ्यांपुढं अंधारी येते, आणि त्या अवस्थेत हात मात्र केसभर हलवायचा. हे रक्त खाली उतरू नये म्हणून लढाऊ वैमानिक हवेने फुगणारा पोशाख घालतात. अमेरिकेच्या ‘ब्लू एंजल्स’ पथकात तो पोशाखच घालत नाहीत. त्यांचा उजवा हात मांडीवर टेकलेला असतो. पोशाख फुगला तर हात हलेल, हात हलला तर विमान हलेल. म्हणून पोटाचे आणि पायांचे स्नायू आवळून ते तो भार सोसतात. नाटकवाले ‘भूमिकेचा भार पेलला’ असं लिहितात, त्यांनी एकदा हा भार तोलून पाहावा.

आणि विश्वास किती, तर संपूर्ण. १८ जानेवारी १९८२ रोजी नेव्हाडाच्या वाळवंटात ‘थंडरबर्ड्स’ची चार विमानं सराव करत होती. आकाशात उभं वर्तुळ घेताना पुढाऱ्याच्या विमानाचं नियंत्रण अडकलं आणि ते वेळेत वर येईना. बाकीच्या तिघांचे डोळे, शिकवलं होतं त्याप्रमाणे, त्याच्यावरच होते. चारही विमानं जवळजवळ एकाच वेळी जमिनीवर आदळली. आपल्या सूर्यकिरणचीही दोन विमानं १९ फेब्रुवारी २०१९ ला बंगळूरजवळ येलहंकाला सरावात एकमेकांना धडकली. प्रदर्शन दुसऱ्या दिवशी उघडायचं होतं. एक वैमानिक गेला.

माझा समीक्षक म्हणून आक्षेप आहे, तो प्रेक्षकांवर. आपण टाळी देतो ती आवाजाला. विमान कानठळ्या बसवत गेलं की वाहवा, आणि नऊ विमानं एकमेकांशी तसूभर न हलता गेली की भेळवाला कुठं आहे ते आपण पाहतो. माझ्यासारख्याला हे चांगलं कळतं. संध्याकाळी कॅश बरोबर जुळली तर आमच्या शाखेत कोणी टाळ्या वाजवत नाही. दहा रुपये कमी भरले, की दहाजण टेबलाभोवती गोळा होतात. विमानाचा उत्तम प्रयोग म्हणजे जुळलेली कॅश. त्यात काहीही घडत नाही, आणि काही घडलं नाही म्हणून प्रेक्षक घरी जातो.

बरं, घडतं तेव्हा काय घडतं? १९८८ साली जर्मनीत रामश्टाइनला इटलीची तीन विमानं हवेत धडकली, एक गर्दीत कोसळलं. वैमानिकांसह ७० माणसं गेली. २०१५ साली इंग्लंडात शोरहॅमला एक जुनं हंटर विमान मैदानाबाहेरच्या हमरस्त्यावर पडलं. ११ माणसं मेली. दर वेळी नियम कडक झाले, विमानं प्रेक्षकांपासून आणखी लांब गेली, खर्च वाढला. हे व्हायलाच हवं होतं. लांबून विमान माशीएवढं दिसतं म्हणून कोणी घरी राहिला, तर खुशाल राहू द्यावा. चार रिकाम्या खुर्च्या परवडतात.

मला परवडत नाही ती दुसरी गोष्ट. ६ सप्टेंबर १९५२ ला फार्नबरोला एक विमान हवेतच फुटलं. त्यातले दोघे आणि खालचे २९ प्रेक्षक मेले. धावपट्टी साफ झाली आणि नेव्हिल ड्यूक आपलं विमान घेऊन वर गेला. त्या काळी त्याचं फार कौतुक झालं. युद्ध नुकतं संपलेलं, माणसं मरणाला सरावलेली, समजू शकतो. पण २१ नोव्हेंबर २०२५ ला दुबईत, प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी, आपलं तेजस कोसळलं आणि विंग कमांडर नमांश स्याल गेले, तेव्हा कोणतं युद्ध चालू होतं? थोड्या वेळाने तिथं पुढचा कार्यक्रम सुरू झाला. अमेरिकेच्या एफ-१६ पथकाने मात्र आपला प्रयोग रद्द केला. पथकाच्या प्रमुखाने नंतर लिहिलं, की मैदान रिकामं असेल असं वाटलं होतं, पण निवेदक त्याच उत्साहात बोलत होता आणि लोक बघत होते. आमच्या गल्लीत सत्यनारायणाच्या दिवशी कोणी गेलं, तर लाउडस्पीकर बंद करायला पोलीस लागत नाहीत.

आपल्याकडं प्रेक्षक घटण्याची काळजी नाही. आपली काळजी उलटी आहे. ६ ऑक्टोबर २०२४ ला चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर २१ वर्षांनी हा कार्यक्रम झाला. पंधरा लाख माणसं आली, असं सांगण्यात आलं. वैमानिक सगळे सुखरूप उतरले. वाळूवर ऊन आणि गर्दी सोसून पाच प्रेक्षक दगावले. पंधरा लाखांचा आकडा मोठ्या अभिमानाने सांगितला गेला. प्यायचं पाणी आणि परतीच्या गाड्या मात्र त्या आकड्याला पुरल्या नाहीत. जमेची बाजू एवढी मोठी लिहायची असेल, तर खर्चाचं पान आधी उघडावं, हे बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला शिकवतात.

समीक्षेच्या शेवटी शिफारशी कराव्यात, असा रिवाज आहे. माझ्या मोजून चार. एक, माणूस गेला तर त्या दिवशी प्रयोग संपला. तिकिटाचे पैसे परत मागणाऱ्याला परत द्यावेत आणि त्याचा चेहरा लक्षात ठेवावा. दोन, लाखांत माणसं मोजण्याआधी पाण्याची पिंपं मोजावीत. तीन, पुढच्या खेपेला विमानाकडं पाहू नका, दोन विमानांमधल्या जागेकडं पाहा. ती जागा तेवढीच राहिली तर टाळी द्या, आणि पोराने ‘मग?’ विचारलं तर त्याला तीच जागा दाखवा. चौथी शिफारस किरकोळ आहे. दुपारी बाराच्या प्रयोगाला छत्री अवश्य न्यावी. उघडता येत नाही, मागचा माणूस ओरडतो. पण कठड्यावर जागा धरायला तिच्यासारखी दुसरी वस्तू नाही.