मूलपेशींना हाक दिली, हृदय सांधले का?

पनवेल तालुक्यात खारघरला टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही संस्था आहे. तिथे अस्थिमज्जा-रोपणात जी-सीएसएफ नावाचे औषध वापरतात. ते टोचले की मज्जेला धरून बसलेल्या मूलपेशींची पकड सुटते, चार-पाच दिवसांत त्या रक्तात उतरतात आणि शिरेतून गोळा करता येतात. इथवर सारे पक्के आहे. पण याच औषधाने झटक्यात मेलेला हृदयाचा स्नायू पुन्हा उगवेल, हा दावा? ओळखीचे लोक आम्हाला अजून विचारतात, दागिने मोडून मूलपेशींचा उपचार करावा का?

दाव्याचे मूळ २००१ साली ऑर्लिक, अन्व्हर्सा प्रभृतींनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात आहे. औषध दिलेले उंदीर जास्त जगले, हृदयावरचा व्रणही लहान राहिला. निबंध बारकाईने वाचला की एक गोष्ट खटकते. उंदरांची प्लीहा आधीच काढली होती आणि औषध झटक्याच्या पाच दिवस आधी सुरू केले होते! उंदराला झटका कधी येणार हे प्रयोगकर्त्याला ठाऊक असते, कारण तो आणणारा तोच. सकाळी पनवेल लोकल पकडणाऱ्या माणसाला ते कोण सांगणार?

२००४ साली दोन स्वतंत्र गटांनी मज्जेतल्या पेशींना जनुकीय खूण करून त्यांचा माग काढला. हृदयात गेलेल्या त्या पेशी स्नायू बनल्याच नाहीत. पुढे २०१८ मध्ये अन्व्हर्सा यांच्या प्रयोगशाळेचे ३१ निबंध मागे घ्यावेत, असे हार्वर्डने सुचवले.

माणसांवरच्या चाचण्या तर आपल्या वर्गात शिकवण्याजोग्या आहेत. आरंभीच्या एका जर्मन चाचणीत सुधारणा दिसली, पण तुलनेच्या गटाला खोटे औषध दिलेले नव्हते. मग २००६ मध्ये दोन काटेकोर चाचण्या आल्या. जर्मनीत ११४ रुग्ण होते. रक्तात मूलपेशी वाढल्या, पण हृदयाची रक्त फेकण्याची क्षमता औषधाच्या गटात ०.५ टक्क्याने वाढली, तर खोट्या औषधाच्या गटात २ टक्क्यांनी. डेन्मार्कमध्ये ७८ रुग्णांत हीच वाढ ८.५ आणि ८ होती, म्हणजे फरक नाहीच. एकटा ८.५ हा आकडा वाचला असता तर कोणीही टाळ्या वाजवल्या असत्या. खरे श्रेय बहुधा बंद रोहिणी वेळेवर उघडण्याला आणि नेहमीच्या औषधांना होते.

हे आकडे फळ्यावर लिहून दुसरा रकाना आधी हाताने झाकावा, मुलांना निष्कर्ष विचारावा आणि मग हात काढावा.

दागिन्यांबद्दल विचारणाऱ्यांना आम्ही सांगतो ते असे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हृदयासाठी मूलपेशींचा वापर केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. कोणी मागितले, तर चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारा.