'कमाल', 'वहीम' आणि 'मिजाज' : ग्रीक चित्तविचाराचा अरबी प्रवास आणि मराठी शब्दांची साक्ष

आत्मा, बुद्धी व कल्पना यांविषयीचा ग्रीक विचार मध्ययुगीन इस्लामी तत्त्वज्ञानात कसा उतरला, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे होते तेव्हा दोन गृहीतके वारंवार आढळतात. पहिले असे की, अरबी भाषेत लिहिणाऱ्या तत्त्वज्ञांनी ग्रीक विचार केवळ जतन केला व कालान्तराने तो युरोपच्या स्वाधीन केला. दुसरे असे की, अरबी-फारसी शब्द ज्या भाषेत गेले त्या भाषेत त्यांच्यामागील सिद्धान्तही गेले. 'अक्कल' मराठीत आहे, तेव्हा ॲरिस्टॉटलची बुद्धिमीमांसाही कोणत्यातरी रूपाने मराठीत पोहोचली असली पाहिजे. दोन्ही गृहीतकांत भाषेला हमाल आणि सिद्धान्ताला बंद गोणी मानलेले आहे. ही कल्पना तपासून पाहावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम पहिल्या गृहीतकाचा विचार करू. बगदादमध्ये नवव्या शतकात हुनैन इब्न इसहाक (८०९-८७३) याने गेलनचे वैद्यकग्रंथ सिरियॅक व अरबी भाषांत आणले. त्याचा पुत्र इसहाक याने ॲरिस्टॉटलच्या आत्मविषयक ग्रंथाचे अरबी भाषान्तर केले. याच सुमारास किन्दीच्या वर्तुळात प्लॉटिनसच्या लेखनाचा काही भाग अरबीत उतरला आणि 'ॲरिस्टॉटलचे ईश्वरशास्त्र' या चुकीच्या नावाने प्रसिद्धी पावला. म्हणजे अरबी वाचकाच्या हाती आलेला ॲरिस्टॉटल हा आरंभापासूनच नव-प्लेटोवादाच्या छायेतला होता. अशा स्थितीत 'जतन' हा शब्द अपुरा ठरतो.

एका संज्ञेवरून हे स्पष्ट होईल. ॲरिस्टॉटलने आत्म्याची व्याख्या सजीव होऊ शकणाऱ्या नैसर्गिक शरीराची 'एन्तेलेखेइया', म्हणजे प्रथम सिद्धावस्था, अशी केली. त्याच्या दृष्टीने आत्मा हा शरीराचा आकार होय. दृष्टी डोळ्यापासून जशी वेगळी काढता येत नाही, तसा आत्मा देहापासून सामान्यतः वेगळा काढता येत नाही. या संज्ञेसाठी अरबीत 'कमाल', म्हणजे पूर्णता, हा शब्द रूढ झाला. इब्न सीना (९८०-१०३७) याने या शब्दाचा लाभ घेऊन एक निर्णायक भेद केला : प्रत्येक आकार ही पूर्णता असते, पण प्रत्येक पूर्णता हा आकार असतोच असे नाही. नाखवा ही नौकेची पूर्णता आहे, तथापि तो नौकेचा आकार नव्हे. तो नौकेतून उतरून जाऊ शकतो. तेव्हा आत्म्याला शरीराची पूर्णता मानूनही त्याचे स्वतंत्र अस्तित्व स्वीकारता येते. हा सिद्धान्त ॲरिस्टॉटलच्या शब्दांवर उभा आहे, पण तो ॲरिस्टॉटलचा नव्हे.

बुद्धीच्या बाबतीतही हेच दिसते. आत्मविषयक ग्रंथाच्या तिसऱ्या भागातील पाचव्या प्रकरणात ॲरिस्टॉटलने सर्व काही घडविणाऱ्या बुद्धीचा उल्लेख फारच थोडक्या ओळींत केला आहे. टीकाकार अलेक्झांडर याने ती ईश्वराशी एकरूप मानली. फाराबीने (मृत्यू ९५०) तिला विश्वरचनेत निश्चित स्थान देऊन आकाशस्थ बुद्धींच्या श्रेणीतील अखेरची ठरविले, आणि मानवी बुद्धीच्या सुप्त, प्रत्यक्ष व अर्जित अशा अवस्था तिच्याशी जोडल्या. इब्न रुश्द (११२६-११९८) याने तर ग्रहणशील बुद्धीही सर्व मानवांत एकच आहे असे प्रतिपादन केले. त्याविरुद्ध थॉमस अक्वायनसला १२७० मध्ये स्वतंत्र प्रबंध लिहावा लागला. थोडक्या ओळींतून असे वादविश्व उभे करणाऱ्यांना केवळ वाहक म्हणणे इतिहासाला धरून नाही.

आता दुसरे गृहीतक. त्याची परीक्षा मराठीच्या क्षेत्रातच करता येते. मोल्सवर्थचा कोश (१८३१, द्वितीय आवृत्ती १८५७) किंवा माधवराव पटवर्धनांचा 'फार्शी-मराठी कोश' (१९२५) चाळणाऱ्यास अरबी तत्त्वज्ञानाची संज्ञासूचीच मराठीत उतरल्याचा भास होतो. 'नूस'साठी योजलेला 'अक्ल' म्हणजे आपली 'अक्कल'. प्रतिमा साठविणारी शक्ती 'खयाल' म्हणजे आपला 'ख्याल'. पूर्णतावाचक 'कमाल' तर जशाचा तसा. इब्न सीनाने ज्या शक्तीमुळे मेंढीला लांडग्यातील वैर जाणवते असे म्हटले, ती 'वह्म'. आणि आपल्या जुन्या कचेरीच्या भाषेत 'वहीम' म्हणजे संशय. लांडग्याचा वहीम येणारी मेंढी पाहून अभ्यासकाला मोह पडावा हे स्वाभाविक आहे.

परंतु येथे एक कसोटी लावणे अवश्य आहे. मराठी शब्दाचा अर्थ अरबी-फारसीतील त्याच्या सामान्य अर्थावरून पूर्णपणे उलगडत असेल, तर पारिभाषिक अर्थाला साक्षीला बोलाविण्याचे कारण उरत नाही. 'अक्ल' हा शब्द ग्रीक ग्रंथांच्या भाषान्तरापूर्वीच अरबीत होता. उंटाचा पाय बांधण्याच्या दोरीला 'इकाल' म्हणतात ती याच धातूवरून. आवर घालणारी समज हा त्याचा अर्थ मराठी 'अकले'ला पुरेसा आहे. 'वह्म' म्हणजे भ्रम, शंका, हाही सामान्य अर्थच. 'कमाल' मराठीत रुळला तो महसुलाच्या दप्तरातून : 'कमाल आकार' म्हणजे जमिनीवरील पूर्ण सारा, आणि त्यावरून 'जास्तीत जास्त' हा आजचा अर्थ. कमाल तापमान किंवा कमाल जमीनधारणा म्हणताना आपण इब्न सीनाचे ऋण फेडीत नसतो.

याहून बोलका पुरावा अभावाचा आहे. या साऱ्या विचाराचा मध्यवर्ती शब्द 'नफ्स', म्हणजे आत्मा. तो सूफींच्या दख्खनी लेखनात आहे, परंतु रोजच्या मराठीत रुजला नाही. जीव, आत्मा व मन या शब्दांनी ती जागा आधीच व्यापलेली होती. ग्रीक आत्मविचार सिद्धान्तरूपाने मराठीत आला असता, तर त्याचा मुख्य शब्द उंबऱ्याबाहेर राहिला नसता.

मग या परंपरेचे मराठीत काहीच उरले नाही काय? उरले आहे, परंतु ते ॲरिस्टॉटलचे नसून गेलनचे आहे. 'मिजाज' या अरबी शब्दाचा मूळ अर्थ मिश्रण. त्यावरून 'स्वभाव' हा अर्थ निघतो तो केवळ एका सिद्धान्ताच्या आधारे : देहातील उष्ण, शीत, आर्द्र व शुष्क गुणांच्या मिश्रणाने, म्हणजे ग्रीक 'क्रासिस'ने, मनुष्याची प्रकृती ठरते. आत्म्याच्या शक्ती देहाच्या मिश्रणाला अनुसरतात, हे दाखविण्यासाठी गेलनने एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मराठीत 'मिजाज' म्हणजे मनोवृत्ती, आणि 'मिजास' म्हणजे तीच वृत्ती चढेल झालेली. 'तब्येत'ही याच घरातली. मूळ अर्थ निसर्ग. मराठीत आरोग्य, आणि गाणे 'तब्येतीत' झाले म्हणताना मनाचा कलही. वरील कसोटीला हे दोन शब्द उतरतात, कारण वैद्यकशास्त्र वगळले तर त्यांचा अर्थ लागत नाही.

याचा अर्थ असा की, ग्रीक चित्तविचार मराठीत आला तो पाठशाळेच्या वाटेने नव्हे, तर हकिमाच्या ओट्यावरून. नंदुरबार परिसराला ही वाट अपरिचित नाही. चौदाव्या शतकात दौलताबादेहून येथे आलेल्या इब्न बतूताने या गावी मराठे राहतात असे सांगून त्यांच्या वैद्यकातील व ज्योतिषातील नैपुण्याची प्रशंसा केली आहे. तेव्हा येणारे वैद्यक रिकाम्या भूमीत आले नाही. 'युनानी' या नावातच ग्रीकांचे आयोनिया हे नाव आहे, आणि आपला 'यवन' शब्दही त्याच मुळाचा. याच जिल्ह्यातील अक्कलकुवा येथे युनानी वैद्यकाचे महाविद्यालय आहे. त्या शास्त्राच्या मूलतत्त्वांत 'मिजाज' आजही पहिल्या पाठांपैकी एक होय. मात्र त्या गावाच्या नावातील 'अक्कल' पाहून कोणी फाराबीपर्यंत पोहोचू नये. ध्वनिसाम्य म्हणजे व्युत्पत्ती नव्हे.

अखेरीस, अशाच आणखी एका मोहाचा निर्देश करावासा वाटतो. दारा शुकोहने 'मजमा-उल्-बहरैन' या ग्रंथात इब्न सीनाच्या परंपरेतील पाच अंतरिंद्रिये आणि वेदान्तातील मन, बुद्धी, चित्त व अहंकार ही शेजारी शेजारी मांडली. त्यामागील सलोख्याची तळमळ आदरणीय आहे. परंतु 'वह्म' आणि 'अहंकार' ही एकाच प्रश्नाची उत्तरे नाहीत. एकाने पशूच्या जाणिवेचा प्रश्न सोडविला, दुसऱ्याने 'मी'पणाच्या आरोपाचा. प्रश्न न पाहता उत्तरे जुळविली की दोन्ही परंपरांची हानी होते.

पदव्युत्तर संशोधनात तुलनात्मक प्रबंधांची संख्या वाढत असताना हा विवेक विशेष अगत्याचा वाटतो. शब्दाचा मार्ग आणि सिद्धान्ताचा मार्ग वेगवेगळे शोधले पाहिजेत. ते कोठे एकत्र येतात हे 'मिजाज' सांगतो. कोठे येत नाहीत हे 'कमाल' आणि 'वहीम' सांगतात. दोन्ही साक्षी सारख्याच मोलाच्या होत.